गर्दी जमली; बोलायला कोण बसणार?

२० ऑगस्ट २०२४ च्या सकाळी बदलापूर स्थानकात रुळांवर उतरलेल्या लोकांना कुणी बोलावलं होतं, याचं उत्तर आजही एका नावात देता येत नाही. पक्षाने बोलावलं नव्हतं, युनियनने नाही, प्रवासी संघटनेनेही नाही. शाळेतल्या चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याची, आणि तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळत ठेवल्याची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून घराघरांत पोचली होती. शाळेच्या फाटकाशी जमलेला जमाव स्टेशनात शिरला आणि सुमारे दहा तास अंबरनाथ ते कर्जत लोकल बंद राहिली. लांब पल्ल्याच्या गाड्या पनवेलमार्गे वळवाव्या लागल्या.

या आंदोलनाचं श्रेय आधी मोकळेपणाने देऊन टाकू. त्या दिवसानंतर विशेष तपास पथक नेमलं गेलं, पोलिसांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि लोक रस्त्यावर उतरल्याशिवाय यंत्रणा हलतच नाही का, असा सवालही सुनावणीत केला. त्या पालकांच्या मागे ना पैसा होता ना ओळख. वीस वर्षांपूर्वी असं प्रकरण जिल्ह्याच्या पानावर चार ओळींत आलं असतं आणि शाळेच्या संचालकांनी ‘चौकशी करू’ म्हणून मिटवलं असतं. ते मिटलं नाही ते लोकांच्या हातातल्या फोनमुळे. सोशल मीडियाने आंदोलनं उथळ झाली, असं सरसकट म्हणणाऱ्या ज्येष्ठांनी बदलापूरकडे जरा नीट पाहावं.

पण त्याच दिवशीची दुपारही पाहावी. मंत्री गिरीश महाजन स्टेशनात आले, समजूत घालू लागले. समजूत घालायची कुणाची? समोर हजारो माणसं, आणि त्यांच्या वतीने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकेल असा एकही माणूस नाही. पुढच्या रांगेतल्या दोघांना पटलं, तरी मागच्या दोनशेंना ते ऐकूही जात नव्हतं. ‘आत्ताच्या आत्ता फाशी द्या’ ही मागणी कुठलंही सरकार कायद्याने पुरी करू शकत नाही. आणि पुरी करता येतील अशा मागण्या मांडून त्यांवर लेखी घेणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी लाठीमार झाला, रूळ मोकळे झाले. सत्तरच्या आसपास लोकांना अटक झाली. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी आंदोलक बाहेरून आले होते, छापील फलक घेऊन आले होते, हे राजकीय कारस्थान होतं, असं सांगितलं. त्याला बदलापूरकरांच्या वतीने अधिकाराने उत्तर देणारंही कुणी नव्हतं. ज्या गर्दीला नाव नसतं, तिला कुणीही नाव चिकटवू शकतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: सोशल मीडिया गर्दी जमवतो, मागणी ऐकवतो, आणि तिथे त्याचं काम संपतं. वाटाघाट करणं, शब्द घेणं, तो कागदावर उतरवून घेणं, कुठे थांबायचं ते ठरवणं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन ‘त्याचं काय झालं’ विचारणं ही कामं तो करत नाही. ही कामं आता लागतच नाहीत अशा समजात आपण वावरतो आहोत, आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे. हे फक्त आंदोलकांचं होतंय असंही नाही. सरकारं परराष्ट्र व्यवहारातही हाच समज करून घेताना दिसतात. त्याकडे येतोच.

आधी ठाण्याच्या खाडीपलीकडे. नवी मुंबईच्या मातीत आंदोलनाचा एक जुना धडा आहे, तो सगळ्या उरण-पनवेल पट्ट्याला पाठ आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या, आणि मोबदल्यावरून पेटलेल्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जणांचा बळी घेतला. या लढ्याचे नेते दि. बा. पाटील, म्हणजे ‘दिबा’, यांच्याकडे तेव्हा काय होतं? गावोगावच्या बैठका, शेकापची शाखा, गावकीचा शब्द, भिंतीवर चुन्याने लिहिलेली घोषणा. निरोप पोचायला दिवस लागायचे. पण निरोप पोचला की त्यासोबत एक माणूसही पोचायचा, आणि तो माणूस मुंबईहून काय ठरलं ते परत येऊन गावाला सांगायलाही बांधील असायचा. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा पुढे त्या लढ्यातून आला, तो गोळीबाराच्या संतापावर आपोआप आला नाही. त्यामागे कलमावर कलम लढवणारा, विधानसभेची आणि लोकसभेची कामकाजपद्धत कोळून प्यायलेला नेता होता.

त्याच पट्ट्याने २०२१ मध्ये दाखवलं की जुनं आणि नवं एकत्र नांदू शकतं. नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव द्या, या मागणीसाठी १० जून २०२१ ला मानवी साखळी झाली, २४ जूनला, म्हणजे दिबांच्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनाला घेराव पडला. कोरोनाचे निर्बंध असताना एवढी माणसं आली ती आगरी-कोळी समाजाच्या घराघरांतल्या स्टेटसमुळे, गाण्यांमुळे, व्हिडिओंमुळे, यात शंका नाही. पण मागे सर्वपक्षीय कृती समिती होती. समितीला अध्यक्ष होता, सिडकोला आणि मंत्रालयाला कुणाशी बोलायचं ते माहीत होतं. जून २०२२ मध्ये ठाकरे सरकारने जाता जाता तो निर्णय घेतला, जुलैमध्ये शिंदे सरकारने तो पुन्हा घेतला. समिती असली की जिंकतोच असं मात्र कुणी समजू नये: ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हाही ते नाव अधिकृतपणे लागलेलं नव्हतं. फरक इतकाच, की आश्वासन कुणाला दिलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि जाब विचारायला तो माणूस हजर होता.

वाशीचं उदाहरण अधिक गुंतागुंतीचं आहे, म्हणून मला ते अधिक शिकवणारं वाटतं. मनोज जरांगे यांचं मराठा आरक्षणाचं आंदोलन राज्यभर गेलं ते १ सप्टेंबर २०२३ च्या अंतरवाली सराटीतल्या लाठीमाराच्या चित्रफितींमुळे. जानेवारी २०२४ मध्ये तो मोर्चा मुंबईच्या वेशीवर आला, एपीएमसी मार्केटमध्ये मुक्काम पडला. २७ जानेवारीला मुख्यमंत्री वाशीच्या शिवाजी चौकात आले, जरांगे यांनी उपोषण सोडलं, गुलाल उधळला गेला. त्या गुलालाची रील कोट्यवधी लोकांनी पाहिली असेल. ‘सगेसोयरे’ची, म्हणजे कुणबी नोंद सापडलेल्यांच्या नातेवाइकांनाही दाखला देण्याची, अधिसूचना हा हरकती-सूचना मागवणारा मसुदा आहे, हे किती जणांनी वाचलं? १० फेब्रुवारीला जरांगे पुन्हा उपोषणाला बसले. २० फेब्रुवारीच्या विशेष अधिवेशनात स्वतंत्र १० टक्के आरक्षणाचा कायदा झाला, जी त्यांची मूळ मागणी नव्हतीच; त्यांना कुणबी म्हणून ओबीसीतून आरक्षण हवं होतं.

दीड वर्षाने, २९ ऑगस्ट २०२५ ला, तेच आंदोलन आझाद मैदानात पोचलं. या वेळी वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात गावोगावहून आलेल्या भाकऱ्यांचे ढीग लागले, त्यांच्याही रील निघाल्या. पण २ सप्टेंबरला उपोषण सोडण्याआधी मसुदा अभ्यासकांना दाखवण्यावर आणि जीआर हातात पडण्यावर जरांगे अडून बसले. त्या जीआरच्या गुणदोषांवर वाद आहे आणि तो व्हायलाच हवा. इथे मला फक्त एवढंच नोंदवायचं आहे की वाशीच्या गुलालाने त्या आंदोलनाला कागद वाचायला शिकवलं.

आणि मग मीरा रोड. ठाणे जिल्ह्यातलं हे प्रकरण मराठी माणसाने स्वतःशी बोलावं असं आहे, कारण इथे मागणी आपली होती. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारे शासन निर्णय सरकारने २९ जून २०२५ ला मागे घेतले. हा विजय कशाने मिळाला? शिक्षक, भाषा-अभ्यासक, पालक यांनी नेमक्या दोन निर्णयांवर बोट ठेवलं, दोन्ही ठाकरेंनी ५ जुलैच्या मोर्चाची तारीख जाहीर केली, आणि मोर्चा निघण्याआधीच सरकार झुकलं. मागणी एका ओळीची होती, पुरी झाली की नाही हे तपासता येत होतं. त्याच सुमारास मीरा रोडला एका दुकानदाराला मराठीवरून कानाखाली मारण्यात आली, आणि मारणाऱ्यांच्याच बाजूच्या कुणीतरी ते चित्रित केलं. आठवडाभर देशभरच्या वाहिन्यांनी तेवढंच दाखवलं. आधी व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला, मग ८ जुलैला परवानगी नाकारली असतानाही मराठी लोकांचा. पहाटेच मनसेच्या अविनाश जाधवांना ताब्यात घेतलं, त्याने गर्दी वाढलीच. सत्तेतले मंत्री प्रताप सरनाईक मोर्चात सामील व्हायला आले, त्यांना लोकांनी पिटाळलं. मग झारखंडच्या एका खासदाराची ‘आपटून मारू’, त्यावर राज ठाकरेंचं मीरा रोडच्या सभेतलं प्रत्युत्तर, आणि पुन्हा रील.

त्या एका थपडेने मराठीच्या पदरात काय पडलं, असा प्रश्न मी ठाण्यातल्या मित्रांना विचारतो तेव्हा ‘जरब बसली’ असं उत्तर येतं. असेल. पण अनिवार्य मराठीचा कायदा शाळांत कसा राबतो, बँकेच्या शाखेत मराठीतून अर्ज मिळतो का, मीरा-भाईंदरच्या मराठी शाळांचे किती वर्ग चालू आहेत, यावर त्या महिन्यात कुणी निवेदन घेऊन गेल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. कॅमेऱ्यासाठी केलेली कृती कॅमेऱ्याला हवं तेच देते. पंधरा सेकंदांत अर्ज बसत नाही, थप्पड बसते.

आता सरकारांकडे. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिहाना या बार्बाडोसच्या गायिकेने शेतकरी आंदोलनावर एका ओळीचं ट्विट केलं. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाने निवेदन काढलं, त्याला दोन हॅशटॅग जोडले, आणि सचिन तेंडुलकर, लता मंगेशकर अशी आपली दैवतं एकापाठोपाठ एक जवळजवळ त्याच शब्दांत बोलू लागली. आमच्याकडे कित्येक कौटुंबिक ग्रुप त्या दिवशी उभे चिरले गेले, ते वेगळंच. प्रश्न असा, की एका गायिकेला देशाच्या परराष्ट्र खात्याने उत्तर का द्यावं? बार्बाडोसच्या सरकारशी आपला काही तंटा नव्हता. ते उत्तर बाहेरच्यांसाठी नव्हतंच, घरच्या प्रेक्षकांसाठी होतं. जगात मात्र त्याचा उलटा अर्थ निघाला, आणि ज्याने आंदोलनाबद्दल ऐकलंही नव्हतं त्यालाही ते कळलं.

दुसरीकडे, शेतकरी रिहानामुळे जिंकले असंही नाही. त्या ट्विटच्या आधीच जानेवारी अखेरपर्यंत सरकारशी चर्चेच्या अकरा फेऱ्या झाल्या होत्या. चाळीसेक संघटनांचे प्रतिनिधी एका टेबलाशी बसत, आपला डबा आपण आणत, आणि बाहेर येऊन एकच गोष्ट सांगत. १९ नोव्हेंबर २०२१ ला तिन्ही कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा झाल्यावरही ते लगेच उठले नाहीत. उरलेल्या मुद्द्यांवर लेखी पत्र आलं, मग डिसेंबरमध्ये तंबू निघाले. किसान एकता मोर्चाचं खातं बंद झालं, पुन्हा सुरू झालं, तरी संघटनेचं काम त्याने अडलं नाही. बदलापूरच्या ग्रुपांचं त्या दुपारी काय झालं असतं, याची कल्पना करा.

मालदीवची गोष्ट तर सगळ्यांच्या आठवणीत आहे. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपचे फोटो आले, मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी असभ्य पोस्ट टाकल्या, त्यांच्या सरकारने तिघांना निलंबित केलं. राजनैतिक भाषेत हिशोब तिथेच मिटला होता. पण आपल्याकडे बहिष्काराचा हॅशटॅग सुटला, लोकांनी बुकिंग रद्द केल्याचे स्क्रीनशॉट टाकले, आणि भारतीय पर्यटकांची संख्या वर्षभरात खूप घसरली. देशभक्ती स्वस्तात झाली. त्यानंतरचं संथ काम कुणी रीलवर पाहिलं नाही: परराष्ट्र मंत्र्यांच्या भेटी, कर्जाची मुदतवाढ, चलन-अदलाबदलीचा करार, ऑक्टोबर २०२४ ची मालदीवचे राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू यांची दिल्लीभेट. जुलै २०२५ मध्ये आपले पंतप्रधान मालदीवच्या स्वातंत्र्यदिनाला पाहुणे होते. ज्यांनी बहिष्कार घातला होता त्यांना हे कुणी समजावून सांगितलं नाही, कारण चिडवणं सोपं असतं, उतरवणं अवघड.

ते उतरवणं किती अवघड आहे हे मे २०२५ मध्ये एका सभ्य अधिकाऱ्याने भोगलं. २२ एप्रिलच्या पहलगाम हल्ल्यात आपल्या जिल्ह्याच्या डोंबिवलीचे तिघे गेले, पनवेलचा एक जण गेला. डोंबिवली कडकडीत बंद राहिली; तो राग खरा होता आणि त्याला कुठल्या ग्रुपची गरज नव्हती. पण ऑपरेशन सिंदूरच्या त्या चार दिवसांत पडद्यावर जे उभं केलं गेलं त्यात कराची पडली होती, इस्लामाबाद पडलं होतं. १० मे रोजी लष्करी कारवाई थांबवल्याचं परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी जाहीर केलं आणि तोच जमाव त्यांच्यावर, त्यांच्या मुलीवर तुटून पडला. देशाच्या सर्वोच्च मुत्सद्द्याला स्वतःचं खातं लोकांसाठी बंद करावं लागलं. निर्णय राजकीय नेतृत्वाचा, शिव्या निरोप सांगणाऱ्याला.

नंतर सरकारने जे केलं ते मात्र मला पटलं. सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं परदेशात गेली. त्यातल्या एकाचं नेतृत्व कल्याणचे खासदार श्रीकांत शिंदे यांच्याकडे होतं. ते संयुक्त अरब अमिराती, काँगो, सिएरा लिओन, लायबेरियाला जाऊन आले. विरोधी बाकांवरचे सुप्रिया सुळे, शशी थरूर हेही इतर शिष्टमंडळांचे प्रमुख होते. ‘लायबेरियात जाऊन काय दिवे लावणार’ अशी टवाळी आमच्याकडे भरपूर झाली. पण माणसं समोरासमोर बसली, प्रश्न घेतले, उत्तरं दिली. देशाची बाजू मांडायची ती अशीच. त्याचे फोटो टाकायचे तर खुशाल टाका.

आणि घरात काय बोलतो ते बाहेर ऐकू जातं, हे मुंब्र्याला वेगळं सांगायला नको. २०२२ मध्ये भाजपच्या प्रवक्त्या नूपुर शर्मा यांच्या वाहिनीवरच्या, प्रेषित पैगंबरांबद्दलच्या वक्तव्याची चित्रफीत फिरली, कतार, कुवेत, इराणने तिथल्या भारतीय राजदूतांना बोलावून जाब विचारला, आणि इकडे मुंब्रा पोलिसांनी समन्स काढलं. आखातात नोकरीला असलेला माणूस ज्यांच्या घरात आहे त्यांना त्या आठवड्यात परराष्ट्र धोरण पगाराच्या तारखेइतकं जवळचं वाटलं असेल.

माझ्या म्हणण्याला एक मोठा छेद जातो तो नेपाळचा, आणि तो टाळून चालणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने २६ सोशल मीडिया मंचांवर बंदी आणली, ८ तारखेला तरुण रस्त्यावर आले, पहिल्याच दिवशी गोळीबारात १९ जण मेले, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. मग डिस्कॉर्ड नावाच्या, एरवी गेम खेळणाऱ्यांच्या अ‍ॅपवर हजारोंनी चर्चा केली, मत घेतलं आणि माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचं नाव पुढे केलं. १२ सप्टेंबरला त्या हंगामी पंतप्रधान झाल्या. आमच्या सोसायट्यांचे कितीतरी रखवालदार त्या आठवड्यात रात्रभर फोनला चिकटून होते. म्हणजे फोनवर नेता निवडता येतो तर? येतो, पण त्या नावावर शिक्कामोर्तब व्हायला प्रतिनिधींना लष्करप्रमुख आणि राष्ट्राध्यक्षांसमोर जाऊन बसावंच लागलं. मधल्या दिवसांत संसद, सिंहदरबार हे सचिवालय, सर्वोच्च न्यायालय जळालं. ते कुणी जाळलं याची जबाबदारी घ्यायला आंदोलनातलं कुणी पुढे आलं नाही.

यावर सरकारांचा ठरलेला उतारा म्हणजे नेट बंद करणं आणि पोस्ट करणाऱ्याला उचलणं. दोन्ही आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघर अजून ठाणे जिल्ह्यात होतं तेव्हा, बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतर मुंबई बंद कशासाठी असं फेसबुकवर विचारणाऱ्या एका मुलीला आणि ती पोस्ट लाईक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्यातून पेटलेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ हे कलमच रद्द झालं. नेटबंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असं त्याच न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात बजावलं. तरी बदलापुरात आंदोलन पांगल्यावर नेट बंद झालंच. ज्याच्याशी बोलायचं तो सापडत नाही, म्हणून सगळ्यांचंच बोलणं बंद करायचं, हा आळस आहे. त्याने अफवा थांबत नाहीत, फक्त त्या खोडून काढणाऱ्याचा फोन बंद पडतो.

म्हणून घोडबंदर रोडच्या खड्ड्यांवर आणि अवजड वाहनांवर रोज पेटणाऱ्या ग्रुपांना माझं एकच सांगणं असतं, आणि त्यापायी मी दोन ग्रुपांत नावडता झालो आहे. आयुक्तांना टॅग करा, फोटो टाका, गायमुखच्या कोंडीचा व्हिडिओ सगळ्या वाहिन्यांना पाठवा. पण त्याआधी पाच जणांची नावं ठरवा, त्यात दोन तरी बाया असू द्या. मागण्या तीनच लिहा, त्यात रस्ता कुणाचा, महापालिकेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, हे आधी शोधा. बैठकीला गेलात की इतिवृत्त मागा, ते ग्रुपवर वर पिन करा, आणि पुढची तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. ‘आम्हाला राजकारण नको’ हे पालुपद तेवढं सोडा. खड्डा बुजवायचा की उड्डाणपुलावर पैसे घालायचे, हे ठरवणं म्हणजेच राजकारण. ते तुम्ही केलं नाहीत तर ज्याची तिथे इमारत उभी राहतेय तो करेल. परवा एका अ‍ॅडमिनने मला विचारलं, ‘काका, पाच नावं दिली तर पोलीस त्या पाच जणांनाच नोटिसा देतील ना?’ देतील, असं मी सांगितलं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली कलम १४९ ची, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच बजावायची, नोटीस ठाण्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या कपाटात आहे, आता नव्या संहितेत तिचा आकडा बदललाय एवढंच. त्यावर ग्रुपवर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग एका निवृत्त शिक्षिकेने स्वतःचं नाव आणि इमारतीचा नंबर टाकला, आणि खाली विचारलं, बाकीचे चार कोण?